टोळी दिसते, धंदा दिसत नाही

4 जून 2023, रविवारची दुपार. सांगली-मिरज रस्त्यावरच्या रिलायन्स ज्वेल्सच्या दालनात काही जण शिरले. पोलीस असल्याची बतावणी केली, मग पिस्तुले काढली, आणि कोट्यवधींचे दागिने गोळा करून निघून गेले. गुन्हा नोंदला गेला विश्रामबाग पोलीस ठाण्यात. ज्या उपनगराची ओळख विलिंग्डन आणि वालचंद या दोन कॉलेजांनी घडवली, तिथे भर दिवसा असा दरोडा पडला याचा धक्का सांगलीला बरेच दिवस पुरला. तपासाचा माग पुढे थेट बिहारपर्यंत गेला. पाटण्याच्या बेऊर तुरुंगात बसून देशभरातल्या सोन्याच्या दुकानांवर दरोडे घडवणाऱ्या टोळीचे नाव पुढे आले.

ही गोष्ट पडद्यावर मांडायची ठरवली तर पहिलाच प्रश्न पडतो: नायक कोण? चाळीच्या दारात उभा राहून मुजरे घेणारा भाई इथे नाही. आईची शपथ नाही, गल्लीतली जुनी दुश्मनी नाही. सूत्रे हलवणारा माणूस दीड-दोन हजार किलोमीटरवर गजाआड, प्रत्यक्ष दरोडा घालणारे वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेले, आणि लुटलेले सोने दुकानाबाहेर पडताच कुठल्या वाटेने जाते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. संघटित गुन्हेगारी आज अशी आहे. मराठी आणि हिंदी पडदा मात्र अजून 1980 च्या दशकातल्या मुंबईतच मुक्काम ठोकून बसला आहे.

त्या मुंबईचीही गोष्ट त्याने अर्धीच सांगितली. दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. 11 जानेवारी 1982 रोजी वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मन्या सुर्वे मारला गेला. शहरातले पहिले एन्काउंटर म्हणून त्याची नोंद नेहमी होते. बरोबर सात दिवसांनी, 18 जानेवारीला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप मागे घेतल्याची घोषणा रीतसर कधी झालीच नाही. गिरणगावातल्या एका अख्ख्या पिढीच्या हातचे काम गेले आणि रामा नाईक, बाबू रेशीम, अरुण गवळी यांच्या टोळीला पोरे मिळत गेली. पहिल्या तारखेवर 'शूटआउट ॲट वडाळा' (2013) हा गाजावाजा केलेला चित्रपट आला. दुसऱ्या तारखेवर असा चित्रपट काढायला हिंदीतला कुणी मोठा निर्माता पुढे आला नाही. दोन तारखांमधले ते सात दिवस ओलांडायला पडद्याला चाळीस वर्षांत फारसे जमलेले नाही, आणि या साऱ्या चित्रपटांचे मूळ दुखणे तिथेच आहे.

हे दुखणे सुरुवातीपासून नव्हते. सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या 'दीवार'मध्ये (1975) विजय वर्मा स्मगलर होण्याआधी त्याच्या बापाची गोष्ट येते. बाप कामगार पुढारी, मालकाने कुटुंबाला ओलीस धरून त्याच्याकडून तडजोडीवर सही करवून घेतलेली. पुढे विजय गोदीत हमाली करतो, आणि गोदीतला हप्ता नाकारण्यापासून त्याची गुन्हेगारीकडची वाट सुरू होते. गुन्हा श्रमाच्या बाजारातून उगवतो हे त्या लोकप्रिय चित्रपटाने पहिल्या तासाभरात स्वच्छ दाखवले. मुंबईचा प्रत्यक्ष इतिहासही तेच सांगतो. दारूबंदीने हातभट्टीचा धंदा उभा केला आणि त्यातून वरदराजन मुदलियारसारखे लोक वर आले. सोन्यावरच्या निर्बंधांनी हाजी मस्तानसारख्यांना पैसा दिला. कापसाच्या भावावर चालणाऱ्या आकड्यातून मटका जन्मला आणि गिरण्यांच्या फाटकापासून सांगलीच्या पानटपरीपर्यंत पोचला. 1990 मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, पाठोपाठ आयात खुली झाली, तेव्हा तस्करीतला नफा आटला. टोळ्या खंडणी, बांधकाम आणि जमिनीकडे वळल्या. कायदा बदलला की धंदा बदलतो, धंदा बदलला की टोळी बदलते. नाट्य खरे तर यात आहे.

'अर्धसत्य' (1983) आजही या साऱ्या प्रकारातला सर्वांत टणक चित्रपट वाटतो. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर झालेल्या ओम पुरींची घुसमट सगळ्यांच्या लक्षात राहते, पण चित्रपटाचा कणा आहे रामा शेट्टी. सदाशिव अमरापूरकरांनी हा माणूस जवळपास बसल्याबसल्या उभा केला. तो ओरडत नाही, पिस्तूल नाचवत नाही. मटका, दारूचे अड्डे आणि निवडणूक यांच्यामध्ये तो इतका निवांत बसलेला असतो की वेलणकरच्या वर्दीतला जोर त्याच्यासमोर पोकळ वाटू लागतो. गुंडाची ताकद त्याच्या मनगटात नसून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या एका फोनमध्ये असते, हे तेंडुलकरांनी ओळखले होते. 'गिधाडे' आणि 'सखाराम बाइंडर' लिहिणाऱ्या नाटककाराला हिंसा घरात कुठे राहते ते ठाऊक होते. 'अर्धसत्य'मध्ये त्याने ती पोलीस ठाण्यात शोधली. वेलणकरचा बाप, तोही पोलीसच, ही त्या पटकथेतली सर्वांत भेदक जागा आहे.

मग 1998 मध्ये 'सत्या' आला. राम गोपाल वर्मांच्या या चित्रपटाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. भिकू म्हात्रे हा मराठी माणूस, त्याचे मराठी घर, बायकोशी भांडण, पावसात भिजलेली रस्त्यावरची मुंबई, आणि भाऊ झावळे हा निवडणुकीच्या राजकारणात टोळी वापरणारा पुढारी. सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांच्या लेखनात टोळीतली माणसे पगारदार नोकरांसारखी दिसली. मनोज बाजपेयींनी भिकूला असे काही जिवंत केले की त्याच्या मरणाला चित्रपटगृहात लोक हळहळले. पण 'सत्या'च्या यशाने एक वाईट सवयही लावली. पुढच्या वीस वर्षांतल्या लेखकांनी त्यातला भिकू उचलला आणि भाऊ झावळे सोडून दिला. शिव्या, पाऊस, खोलीतला अंधार, हातात धरलेला कॅमेरा हे सगळे नकलेत उतरले, आणि शहर कोण चालवते हा प्रश्न नकलेतून गळून पडला.

महेश मांजरेकरांचे स्थान या इतिहासात वेगळे आहे. 'वास्तव'मध्ये (1999) रघू आणि त्याचे मित्र पावभाजीची गाडी टाकतात, कारण चाळीतल्या पोरांना दुसरे काम नाही. एका भांडणात हातून खून होतो आणि मागे फिरण्याची वाट बंद होते. चित्रपटाचा पहिला भाग आजही खरा वाटतो, दुसरा सोन्याच्या साखळ्यांमध्ये हरवतो. पण मांजरेकर या विषयाकडे पुन्हा पुन्हा आले, आणि 2010 मध्ये त्यांनी जयंत पवारांच्या 'अधांतर' या नाटकावर 'लालबाग परळ' आणि हिंदीत 'सिटी ऑफ गोल्ड' केला.

'अधांतर'पाशी थोडे थांबायला हवे. 1997 मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात गिरणगावातल्या एका खोलीत संपानंतरचे कुटुंब आहे. लेखक होण्याची स्वप्ने पाहणारा एक मुलगा, बेकारीत कुढणारा दुसरा आणि टोळीकडे ओढला गेलेला नरू. एका आईची तीन पोरे, एकाच खोलीतून तीन दिशांना. गोळीबार बाहेर, लांब कुठेतरी होतो, आणि खोलीत त्याचा हिशेब होतो: कोणाच्या पैशाने घरात काय आले, त्या पैशाला हात लावायचा की नाही. नाटक रंगमंचावर एका खोलीत बांधलेले होते म्हणून जयंत पवारांना टोळीचे प्रदर्शन मांडता आले नाही, आणि ते मांडायचेही नव्हते. चित्रपट झाल्यावर कॅमेरा खोलीबाहेर पडला, गोळ्या दिसू लागल्या, आणि नाटकातला तो ताण बराचसा उसवला. तरीही संप आणि टोळी यांच्यातला धागा मोठ्या पडद्यावर इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणी दाखवलेला नाही, याचे श्रेय मांजरेकरांना द्यावे लागेल. 2022 मध्ये पवारांच्याच कथेवर त्यांनी 'नाय वरणभात लोन्चा कोन नाय कोन्चा' केला. त्याच्याभोवतीचा वाद दृश्यांवरूनच झाला. कथेतल्या गिरणगावाबद्दल कुणी बोललेच नाही.

गवळींवरच्या दोन चित्रपटांची तुलना उद्बोधक आहे. ऑगस्ट 2012 मध्ये मुंबईच्या विशेष मोक्का न्यायालयाने नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या खुनाच्या खटल्यात अरुण गवळीला जन्मठेप सुनावली. तीन वर्षांनी 'दगडी चाळ' आला. त्यात मकरंद देशपांडे यांचा 'डॅडी', म्हणजे गवळी, संथ, धीरगंभीर, प्रसंगी बापासारखा. देशपांडे यांचा अभिनय उत्तम आहे आणि अडचण तिथेच सुरू होते, कारण पटकथा त्या अभिनयाच्या आड लपून टोळीच्या उत्पन्नाबद्दल काहीच विचारत नाही. अशीम अहलुवालियांचा हिंदी 'डॅडी' (2017) वेगवेगळ्या माणसांच्या आठवणींतून गवळी उभा करतो, प्रत्येकाचा गवळी वेगळा, आणि त्यामुळे माणूस संशयास्पदच राहतो. अर्जुन रामपाल त्यात अनपेक्षितपणे चांगले आहेत. चित्रपट चालला नाही. कलाकृती म्हणून तो 'दगडी चाळ'च्या दोन्ही भागांपेक्षा पुष्कळ प्रामाणिक आहे.

या साऱ्या साहित्याच्या मुळाशी एक अडचण आहे, ती कमी बोलली जाते. 'ब्लॅक फ्रायडे', 'शूटआउट ॲट वडाळा', 'क्लास ऑफ 83', 'गंगूबाई काठियावाडी', 'बंबई मेरी जान' या सगळ्यांच्या मागे एकाच पत्रकाराची, एस. हुसेन झैदींची, पुस्तके आहेत. त्यांचे काम मोठे आहे, 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांवरचे तर विशेष. अनुराग कश्यपचा 'ब्लॅक फ्रायडे' (प्रदर्शित 2007) पोलीस कोठडीतला छळही लपवत नाही. पण एका शहराचा गुन्हेगारी इतिहास एकाच कपाटातून काढला की तो पोलीस आणि टोळीप्रमुख यांच्यामधला सामना होऊन बसतो. त्या कपाटाबाहेर बरेच काही आहे. भाऊ पाध्यांची 'वासूनाका' आणि 'राडा' आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून जमवलेला इतिहास मराठीतही आला आहे. 1994 मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव यांचा खून, 16 जानेवारी 1997 ला दत्ता सामंतांचा खून, आणि त्यांच्याआधी आलेला, गिरण्यांच्या जमिनी विकायला परवानगी देणारा 1991 चा नियम. या तीन गोष्टी एका धाग्यात ओवणारी मालिका अजून कुणी लिहिलेली नाही.

पोलिसांच्या बाजूचे चित्र तर त्याहून एकांगी. 'अब तक छप्पन'मध्ये (2004) नाना पाटेकरांचा साधू आगाशे इतका मोहक आहे की कायद्याविना केलेल्या हत्येबद्दल प्रेक्षकाला काही वाटेनासे होते. मराठीत अभिजित पानसे यांनी 'रेगे' (2014) मध्ये प्रदीप शर्मा आणि सचिन वाझे या एन्काउंटरवाल्या अधिकाऱ्यांना थेट नावानिशी पात्रे केले. एका कॉलेजातल्या पोराच्या नजरेतून भाईगिरीचे आकर्षण दाखवणारा तो धारदार चित्रपट होता. 2021 मध्ये मनसुख हिरेन हत्या प्रकरणात हे दोघेही अटकेत गेले. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लखनभैया बनावट चकमकीत शर्मांना जन्मठेप सुनावली. इतिहासाने पटकथेच्या पुढची पाने आयती लिहून दिली, आणि ती हातात घ्यायला अजून कोणी धजावलेले नाही.

मराठी चित्रपटाने मुंबई सोडली तेव्हा मात्र त्याला सूर सापडला. प्रवीण तरडेंच्या 'मुळशी पॅटर्न'मध्ये (2018) बाप जमीन विकतो, पैसा उडतो, आणि शेताचा मालक शहरात वॉचमन होतो. मोहन जोशींनी केलेला तो बाप पाहताना पुण्याच्या पश्चिमेच्या कितीतरी गावांतली माणसे डोळ्यांपुढे येतात. टोळी कुठून जन्मते याचे उत्तर इथे सातबाऱ्यावर आहे. चित्रपटाचा उत्तरार्ध मारामाऱ्यांच्या नादात ते उत्तर विसरतो आणि नेमका तोच भाग पोरांनी डोक्यावर घेतला. मांजरेकरांनी हिंदीत त्याचा 'अंतिम' (2021) केला, तेव्हा पोलीस अधिकारी झालेल्या सलमान खानच्या भोवती गोष्ट फिरवावी लागली आणि सातबारा आणखी मागे पडला.

मुळशीहून सांगलीच्या विश्रामबागेला यायला काही तास लागतात. या भागाला गुन्हेगारीच्या गोष्टी परक्या नाहीत. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंनी 'फकिरा' (1959) लिहिली आणि इंग्रजांच्या दप्तरातल्या दरोडेखोराला त्याची भूक आणि त्याचा न्याय परत मिळवून दिला. बोरगावच्या बापू बिरू वाटेगावकरांवर तमाशात वग झाले, चित्रपट आला. खून करून वर्षानुवर्षे फरारी राहिलेला आणि जन्मठेप भोगून आल्यावर भजन-कीर्तनाकडे वळलेला हा माणूस 2018 मध्ये वारला, तेव्हा वाळवा तालुक्यात त्याच्याबद्दल आदराने बोलणारी माणसे कमी नव्हती. कृष्णाकाठच्या या फरारी परंपरेत अन्याय, अब्रू आणि सूड ही नाट्याची सामग्री होती. ती कथनाची रीत आजच्या सांगलीला पुरत नाही.

आजची सांगली वेगळी आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांचा एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाच्या साठ्याचा तपास कुपवाडपर्यंत आला. पुढच्याच महिन्यात मुंबई गुन्हे शाखेने कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावात एमडीचा कारखाना पकडला, जप्त मालाची किंमत अडीचशे कोटींच्या घरात सांगितली गेली. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत आणखी एक कारखाना सापडला. द्राक्षे आणि बेदाण्याच्या पट्ट्यात, दुष्काळाने पिढ्यान्‌पिढ्या गाव सोडायला लावलेल्या तालुक्यांत, रसायनांचा हा धंदा का रुजला? बंद पडलेली शेड भाड्याने कोण देतो, कच्चा माल कुठून येतो, गावातला तरुण त्यात किती पगारावर शिरतो? यातल्या प्रत्येक प्रश्नात एका भागाचे नाट्य आहे.

आणि मिरजेचे ते प्रकरण. मार्च 2016 मध्ये बेथेलहेमनगरमधल्या एका घरात पोलिसांना तीन कोटींहून जास्त रोकड सापडली. ती वारणानगरच्या शिक्षक कॉलनीतल्या खोलीतून चोरलेली निघाली. पुढे, त्या खोलीत उरलेल्या रकमेतले नऊ कोटींहून अधिक रुपये तपासाला गेलेल्या सांगलीच्या पोलिसांनीच लांबवल्याचा आरोप झाला आणि 2017 मध्ये अधिकाऱ्यांसह पोलिसांवर गुन्हा दाखल झाला. चोरी पकडणाऱ्यांवरच चोरीचा आरोप. एवढी रोकड एका कॉलनीतल्या खोलीत होती कशी, इथून सुरू करून सहकार, बांधकाम, पोलीस आणि चोर यांच्यातून फिरणारी मालिका लिहिता येईल. त्यात एकही डॉन लागणार नाही.

असे लिहिणे शक्य असते हे दुसरीकडे दिसले आहे. बाल्टिमोरवरच्या 'द वायर'ची (2002 ते 2008) पाच पर्वे लिहिणारा डेव्हिड सायमन त्या शहरातल्या वर्तमानपत्राचा बातमीदार होता, त्याचा सहलेखक एड बर्न्स माजी पोलीस. एका पर्वात गोदी, एकात शाळा, एकात महापालिका. नेपल्सवरच्या 'गोमोरा'ने रॉबेर्तो साव्हियानोच्या पुस्तकातून कपडे शिवणारे कारखाने आणि कचऱ्याची विल्हेवाट टोळीच्या हाती कशी जाते ते दाखवले. दोन्हींचे बळ एकच आहे: लेखकांना आपल्या गावाच्या खातेवह्या ठाऊक होत्या.

मराठीत ही जाण असलेली माणसे आहेत. जिल्हा वर्तमानपत्रांत गुन्हे आणि न्यायालयाच्या बातम्या वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या बातमीदारांना कुठला खटला कुठे अडला ते माहीत असते. राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी उतरणाऱ्या हौशी लेखकांना या भागाची बोली, जातींची उतरंड आणि साखर कारखान्याच्या निवडणुकीतले ताण अंगवळणी पडलेले आहेत. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' याच सांगलीत केले, आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर याच गावचे. महाभारतातल्या कीचकातून समोरचा सत्ताधीश दाखवणारे 'कीचकवध' इंग्रज सरकारला इतके झोंबले की त्यावर बंदी आली. सत्तेच्या गुन्ह्यावर नाटक लिहिण्याची ताकद इथे होती. पण हे बातमीदार आणि हे नाटककार आज पटकथेच्या टेबलावर नाहीत. मालिका मुंबईतल्या कार्यालयांत लिहिल्या जातात आणि तिथे सांगली येते ती बहुधा बोलीपुरती, एखाद्या रांगड्या पोलिसाच्या किंवा विनोदी हवालदाराच्या तोंडी.

नागराज मंजुळे यांनी 'मटका किंग' ही मालिका हाती घेतली, त्यातून एक शक्यता दिसते. आकड्याचा धंदा माणसांच्या गरजेवर उभा असतो, आणि 'फँड्री'च्या दिग्दर्शकाला गरज कशी दिसते हे दाखवावे लागत नाही. त्याच वाटेने आणखी पुढे गेले पाहिजे. खासगी सावकारीवर 2014 चा कायदा आला तरी वसुलीची दहशत गावोगाव उरली, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत संघटित गुन्हेगारीचे स्वतंत्र कलम आले, मोक्का 1999 पासून आहेच. या कायद्यांखालची आरोपपत्रे जिल्हा न्यायालयांत पडून आहेत, आणि प्रत्येकात खात्यांचे उतारे, फोनच्या नोंदी आणि साक्षीदारांचे जबाब यांची शेकडो पाने आहेत. पुढच्या पटकथेसाठी लेखकाला दगडी चाळीत जाण्याची गरज नाही. त्याने सांगलीत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात सुनावणीच्या दिवशी बसावे, आणि निर्मात्याने त्या बसण्याचे पैसे द्यावेत.